वडाचं गाऱ्हाणं

महिपत नागवेकर सकाळी दूध घेऊन आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि तांब्याभर पाणी घेऊन पडवीत गेला. वडाला पाणी घालायला म्हणून त्याने तांब्या वाकडा केला आणि सगळं पाणी लाकडी स्टुलावर सांडलं. स्टुलावर वड नव्हता.

त्याने स्टुलाखाली बघितलं. मग स्टूलच उचलून बघितलं. मग शेजारच्या फळीवरची चिंच, उंबर आणि पिंपळ यांच्याकडे, जणू त्यांच्यापैकी कोणी सांगेल, अशा नजरेनं बघितलं.

वड कुंडीतला होता. उंचीला सव्वा फूट, पण खोड मनगटाएवढं जाड, आणि पारंब्या उतरून मातीत रुजलेल्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी महिपतने ते रोप एसटी स्टँडच्या भिंतीच्या फटीतून उपटून आणलं होतं, आणि त्याची बायको मालन हिने ते पसरट कुंडीत लावून, मुळं छाटून, तारा बांधून वाढवलं होतं. किंवा वाढू दिलं नव्हतं, काय म्हणायचं ते म्हणा. मालनला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. तेवढ्यात तिच्या झाडांतली तीन महिपतच्या हातून वाळली. सगळी नोकरी एसटीचं स्टिअरिंग धरण्यात गेलेली, त्या हातांना बशीएवढ्या कुंडीत पाणी किती घालायचं ते कळत नव्हतं. मग त्याने एकच ठरवलं होतं. बाकी काही जगो न जगो, वड जगवायचा. सकाळी पाणी घालताना तो वडाशी दोन शब्द बोलायचासुद्धा. फार नाही. "आज चिपळूणची गाडी वेळेत सुटली," असं काहीतरी.

"हमीद!" त्याने पडवीतूनच हाक मारली. "माझा वड चोरीला गेला!"

कुंपणाच्या बुटक्या, चिऱ्याच्या गडग्यापलीकडे शेजारचा हमीद जाळ्याची भोकं सांधत बसला होता. मासेमारी बंद होती, ट्रॉलर मिरकरवाड्याच्या बंदरात ओढून ठेवलेला. पावसाळ्यात हमीदला घरात कामधंदा नसायचा आणि त्यामुळे बायको शरीफा त्याला घरात बसू देत नसे.

"वड?" हमीदने मान वर केली. "वड कोण चोरील रे? क्रेन आणलेली काय?"

"कुंडीतला. मालनचा."

हमीदने सुई खाली ठेवली आणि लुंगी सावरत गडग्यावरून उडी मारून आला. रिकामं स्टूल बघून त्याचाही चेहरा उतरला.

"मांजराने पाडला असेल."

"मांजर कुंडी घेऊन जाईल काय?"

"नाय," हमीदने विचार करून सांगितलं. "कुंडी नाय नेणार."

मग दोघं पोलीस चौकीत गेले. हवालदार सकाळचा चहा पीत होता. त्याने कागद पुढे ओढला.

"काय हरवलं?"

"वड."

"कुठून?"

"पडवीतून."

हवालदाराने पेन थांबवलं. "पडवीत वड होता, की वडाखाली पडवी होती?"

"लहान आहे साहेब. बोनसाय."

"बरं. वय?"

"तिशीला आला असेल."

"उंची?"

"सव्वा फूट."

हवालदाराने वर बघितलं, मग हमीदकडे बघितलं. हमीदने गंभीरपणे मान हलवली. "वाढू दिला नाय त्याला," तो म्हणाला.

"कोणावर संशय? घरात काही भांडण? कोणी फूस लावून…" हवालदार सवयीने पुढचं विचारत गेला आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं. "किंमत काय म्हणायची ह्याची?"

हमीदच पुढे सरकला. "साहेब, मुंबईत असल्या वडाला लोक लाखात मागतात. आमचे एक पाहुणे दुबईला…"

"लाखाची वस्तू उघड्या पडवीत ठेवता?" हवालदार महिपतवर डाफरला. "सोनं असतं तर ठेवलं असतंत?"

"सोन्याला ऊन-पाऊस लागत नाय साहेब," महिपत म्हणाला.

हवालदाराला हे पटलं असावं, कारण त्याने आवाज खाली आणला. "हे बघा काका, अर्ज घेतो. पण गेला तो गेला. उरलेली आहेत ना, ती आधी सांभाळा. चोराला एकदा वाट माहीत झाली की तो परत येतो."

हे शेवटचं वाक्य महिपतच्या डोक्यात घट्ट बसलं. परत येताना रिक्षात तो तीनदा म्हणाला, "परत येणार म्हणतो."

"येऊ दे," हमीद म्हणाला. "मी जाळं लावतंय."

हमीदने ते खरंच केलं. ट्रॉलरचं जुनं जाळं आणून त्याने पडवीच्या वाशांपासून थेट गडग्यापर्यंत ताणून बांधलं. खाली शिशाच्या गोळ्या, वर बुचं. पायरीपाशी एक दोरी आडवी टाकली. तिच्यावर पाय पडला की वरचं जाळं सुटून खाली यायचं आणि आत आलेल्याला गुंडाळायचं. आयुष्यभर पाण्यात जे केलं ते हमीद पहिल्यांदाच जमिनीवर करत होता आणि त्याला फार मजा येत होती.

"आता सुरमईसुद्धा सुटायची नाय," तो म्हणाला.

दुपारी पहिला मासा लागला. मोठा होता, हिरव्या लुगड्यातला होता आणि त्याच्या हातात फणस होता.

"मेल्यानू! सोडा मला! मी काय बांगडा हाय?"

ती महिपतची थोरली बहीण गोदा. सकाळी महिपतने फोनवर "आक्का, घरात चोरी झाली" एवढंच सांगितलं होतं. गोदाआक्का मिळेल त्या एसटीने गावाहून निघाली होती. फणस तेवढा वाटेत घेतला होता, कारण चोरी झालेल्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं. जाळ्यातून सोडवेपर्यंत तिने हमीदच्या सात पिढ्यांची चौकशी केली. सुटल्यावर, हमीद जाळं पुन्हा ताणून बांधत असताना, ती पदर सारखा करून खाली बसली आणि काय गेलं ते तिने ऐकलं.

"वड गेला?" ती म्हणाली. "मालनचा?"

"हो."

"मग पोलिसाकडे कशाला गेलंस? पोलिसांनी कधी झाड शोधलानी काय? देवाकडे जायचं. गाऱ्हाणं घालायचं."

"आक्का, एवढ्याशा झाडासाठी…"

"एवढ्याशा झाडासाठी तू पडवीला जाळं लावलंस. देवाला सांगायला लाज वाटते होय रे तुला?"

महिपत उठला आणि नारळ आणायला गेला.

दिवेलागणीला वाडीच्या देवळात आरती झाली. आरतीला नेहमी असतात त्यापेक्षा दुप्पट माणसं होती, कारण गाऱ्हाणं आहे हे गोदाआक्काने वाटेत भेटेल त्याला सांगितलं होतं. विठू गुरवाने विडा मांडला, नारळ ठेवला आणि महिपतला बाजूला घेतलं.

"काय मागायचं ता नीट ठरवा. एकदा देवाच्या कानावर घातलं की मागाहून बदलता येत नाय."

"वड परत येऊ दे, एवढंच," महिपत म्हणाला.

"एवढ्यान काय होतंय?" गोदाआक्का मध्ये पडली. "चोराला काय धाक नको? नेणाराचे पाय वाकडे होऊ देत, म्हण."

"पाय वाकडे झाले तर तो वड परत आणील कसा?"

विठूने मान डोलावली. "बरोबर आहे काकांचं."

"मग हात."

"कुंडी हातातच धरून आणायची ना आक्का?"

बराच खल झाला. शेवटी विठूनेच मधला मार्ग काढला. माणसाचं नुकसान नको, पण चैनही पडता कामा नये. मग तो देवापुढे उभा राहिला आणि त्याने आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या, महिपत नागवेकराच्या पडवीतला वड कोणीतरी उचलून नेलान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले.

"तो ज्या घरात असेल, त्या घरच्या कर्त्या पुरुषाच्या तोंडाची चव जाऊ दे! कसलंही रांधून वाढलेलं त्याला गोड लागता नये! वड जिथला तिथे येईपर्यंत लागता नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यात सगळ्यांत मोठा आवाज गंगुबाईचा होता, कारण वड तिच्याच घरी होता.

गंगुबाई महिपतच्या समोरच्या घरात राहायची. ती काही चोर नव्हती. झालं होतं ते असं. नाक्यावरचा मोठा वड रस्ता रुंद करताना तोडला गेला, तेव्हापासून आळीतल्या बायका वटपौर्णिमेला मालनच्या पडवीत जमत आणि कुंडीतल्या वडाची पूजा करत. महिपतला त्या दिवशी मालन सकाळीच बाहेर पिटाळायची. बायकांत काय चालतं ते त्याने कधी विचारलं नव्हतं. आता वटपौर्णिमा उद्यावर आली होती, आणि गंगुबाईच्या सुनेची, मनस्वीची, ती पहिलीच होती. गंगुबाई वड मागायला महिपतच्या दारापर्यंत दोनदा गेली आणि दोन्हीदा नुसती परत आली. नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून पूजा करायची, आणि त्यासाठी झाड मागायचं ते बायको गेलेल्या माणसाकडे. जीभच उचलेना. तेव्हा तिने तिसऱ्या खेपेला, महिपत दूध आणायला गेलेला असताना, वड पदराखाली घातला आणि घरी आणला. पूजा झाली की तसाच नेऊन ठेवायचा. पुरुषांना घरातलं कपाट हलवलं तरी कळत नाही, असं मालनच म्हणायची.

पण महिपतला कळलं. आणि गंगुबाई वड परत ठेवायला निघाली तेव्हा पडवीला जाळं लागलं होतं, जाळ्यात गोदाआक्का होती आणि त्यानंतर गोदाआक्का जाळ्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती.

"कोण ता?" तिने खेकसून विचारलं होतं.

"मी… सहज आले. साखर हाय काय, म्हटलं."

"पदराखाली काय ता?"

"वाटी," म्हणून गंगुबाई सव्वा फुटाची वाटी घेऊन घरी पळाली होती.

आता देवळातून आल्यावर तिने नवऱ्याला जेवायला वाढलं आणि समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कसं झालंय?"

"काय चव नाय," नवरा म्हणाला.

गंगुबाईला घाम फुटला. पण नवरा लग्न झाल्यापासून रोज हेच म्हणायचा. त्यामुळे गाऱ्हाणं लागू झालं की हे नेहमीचंच, ते काही तिला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत पडवीत आला तेव्हा गडग्यावर एक कुंडी होती. त्याचं काळीज लक्कन हललं. पण तो वड नव्हता. बुटकी, वाकड्या खोडाची चिंच होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. तो ती हातात घेऊन बघत असतानाच फाटकातून चिमा आली. चिमा मासळीवाली, रोज या आळीत फिरायची. आज तिच्या टोपलीत मासळी नव्हती, बिस्किटाच्या डब्यात लावलेलं उंबराचं झाड होतं.

"घ्या तुमचा उंबर," ती म्हणाली. "कालपास्न नवरा जेवणावरून उठून जातोय."

"माझा उंबर तर इथे फळीवर आहे."

"हा दुसरा. वैनीनं मला दिलेला, चार वर्सं झाली."

"दिलेला ना? मग चोरी कुठली?"

"वैनीनं दिला, पण तुम्हाला विचारून दिला काय?"

"नाय."

"मग?" चिमाने डबा त्याच्या हातात कोंबला. "देव काय एवढा विचार करत बसणाराय? आणि गाऱ्हाणं वडाचं असलं तरी उंबर नि वड भाऊभाऊच. नको बाबा. घ्या."

चिमा गेली आणि तिच्यामागून रांगच लागली. एसटीतला त्याचा जुना कंडक्टर पिंपळ घेऊन आला. एक मास्तरीणबाई रिक्षातून रतांब्याचं झाड घेऊन आली आणि "आमच्या ह्यांना काल आमरस कडू लागला" एवढंच सांगून त्याच रिक्षाने परत गेली. मागच्या आळीतल्या एकाने मुंबईहून विकत आणलेलं प्लास्टिकचं झाड आणून दिलं. "हे तुमचं नाय हे मला माहीत आहे," तो म्हणाला, "पण बायको म्हणते, आजच्या दिवस घरात काही बुटकं नको."

महिपत एकेक कुंडी घेत होता आणि जाळ्याखालून आत सरकवत होता. फळी भरली, कट्टा भरला, मग जमिनीवर ओळी लागल्या. गोदाआक्का खुर्चीवर पाय वर घेऊन बसली.

"एवढी झाडं मालनने कधी वाटली रे? तुला कळलं नाय?"

महिपत त्या वाकड्या चिंचेकडे बघत होता. तिच्या खोडाला मालनने बांधलेल्या तारेची खूण होती. "मी विचारायचो, ती चिंच कुठे गेली? म्हणायची, वाळली," तो म्हणाला. "उंबर कुठे गेला? वाळला. मला वाटायचं, हिची एवढी झाडं मरतात, आणि हिला वाईट कसं वाटत नाय."

जी झाडं वाळली म्हणून त्याने कधीकाळी हळहळ केली होती, ती सगळी हिरवीगार होऊन पडवीत परत आली होती. फक्त वड तेवढा आला नव्हता.

तो आता गंगुबाईकडेही नव्हता. सकाळी सकाळी ती आणि मनस्वी मागच्या दाराने शरीफाकडे गेल्या होत्या. वड पदराखाली होताच.

"शरीफा, हा तुझ्याकडे ठेव. एवढं कर माझ्यासाठी."

"माझ्याकडे का म्हणून?"

"तुमच्या घराला काय होणार नाय. गाऱ्हाणं आमच्या देवाला घातलंय."

शरीफाने कमरेवर हात ठेवले. "वा! मी जन्मले ह्या वाडीत, लग्न करून आले ती पण ह्याच वाडीत. पावसासाठी देवाला नारळ देता तेव्हा वाडीतले सगळे म्हणून आमचा पण घेता. आणि शाप द्यायची वेळ आली की आम्ही वाडीतले नाय?"

"तसं नाय गो…"

"तसंच हाय. विठूने काय म्हटलं? कर्ता पुरुष म्हटलं. कुठला कर्ता पुरुष ते सांगितलं काय त्याने?"

"नाय," मनस्वी हळूच म्हणाली. ती नव्या साडीत, नाकात नथ घालून, उपाशीपोटी उभी होती. "पण काकी, पूजा तरी कशी करायची आता? ज्या वडाने ह्यांच्या तोंडाची चव जाणार, त्यालाच ह्यांच्यासाठी फेरे घालायचे?" आणि तिचे डोळे भरून आले.

त्या डोळ्यांपुढे शरीफाचं काही चाललं नाही. "ठेव," ती म्हणाली. "पण माझ्या नवऱ्याला काय झालं तर बघ." तिने वड परसात नेला आणि त्याच्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं. मग ती चुलीपाशी गेली. पण मन ठिकाणावर नव्हतं, त्यामुळे सुकटीच्या कालवणात मीठ किती पडलं, चिंच पडली की नाही, हे तिला काही आठवेना.

हमीद जेवायला बसला आणि दुसऱ्याच घासाला उठला. गडगा ओलांडून तो महिपतच्या पडवीच्या कडेला येऊन उभा राहिला.

"महिपत, शरीफाला बरं नाय वाटतं. सुकटीला चव नाय."

"काय?"

"सुकटीला! तू कधी बिनचवीची सुकट खाल्लीयस काय? माती खाल्ल्यासारखं झालं मला."

गोदाआक्काने पाय खाली घेतले. महिपतने हातातली कुंडी खाली ठेवली. दोघांनी हमीदकडे बघितलं.

"असे काय बघता?" हमीद म्हणाला.

"हमीद," महिपत सावकाश म्हणाला, "तुझ्या घरी वड नाय ना?"

"माझ्या घरी? येडा काय तू? पोलिसाकडे तुझ्याबरोबर कोण आलं? जाळं कोणी लावलं?" हमीद भडकला. "चल, बघ माझं घर! नाय, तू नको, मीच बघतंय. सगळं घर उलटं करतंय, आणि वड सापडला तर मिशी काढतंय!"

तो तसाच गेला. पडवीत बसलेल्यांना आधी भांडी पडल्याचा आवाज आला, मग शरीफाचा, मग कोंबड्यांचा. मग थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

मग हमीद आला. त्याच्या दोन्ही हातांत वड होता आणि चेहरा सुकट खातानापेक्षा वाईट झाला होता. त्याच्यामागून शरीफा, "अहो, ऐका तरी माझं," म्हणत येत होती. तिच्यामागून गंगुबाई, गंगुबाईच्या मागून मनस्वी आणि पूजेची ताटं घेऊन सकाळपासून ताटकळलेल्या आळीतल्या बायका.

"महिपत, अल्लाची शपथ, मला काय माहीत नव्हतं…" म्हणत हमीद पायरीवर आला आणि त्याचा पाय स्वतःच बांधलेल्या दोरीवर पडला.

जाळ्याने काम चोख केलं. वरची बाजू सुटली, शिशाच्या गोळ्या धडाधड खाली आल्या आणि हमीद पायापासून गळ्यापर्यंत गुंडाळला गेला. पण माणूस हाडाचा खलाशी. पडता पडता त्याने दोन्ही हात वर केले आणि वड जुन्या जाळ्याच्या फाटक्या भोकातून वरच धरला. एक पान गळलं नाही.

"देव पावला!" गोदाआक्का टाळी वाजवून ओरडली. "चोर मालासकट सापडला!"

"त्याने नाय चोरला," गंगुबाई पुढे झाली. "मी नेला."

महिपतने हमीदच्या हातातून वड काढून घेतला, स्टुलावर ठेवला, आणि मग गंगुबाईकडे बघितलं.

"का?"

गंगुबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आज वटपौर्णिमा, भावजी. मालन होती तेव्हा इथेच करायचो सगळ्या. ह्या वर्षी… तुमच्यापुढे येऊन कसं मागायचं, ते कळेना. आम्ही सगळ्या नवऱ्यांसाठी मागणं मागणार, आणि तुम्ही इथे एकटे…" तिने स्टुलावरच्या वडाकडे बघितलं. "म्हणून न विचारता नेला. चुकलं माझं."

वडाच्या मातीला बोट लावून महिपतने ओल बघितली. बरोबर होती. पान एकसुद्धा पिवळं नव्हतं.

"पूजा झाली?" त्याने विचारलं.

"नाय," मनस्वी म्हणाली. "गाऱ्हाण्याला भिऊन कोणीच केली नाय."

"पौर्णिमा किती वेळ आहे?"

"थोडाच वेळ उरलाय."

"मग इथे उभ्या काय राहिलात? वड जिथला तिथे आला. गाऱ्हाणं संपलं." त्याने भिंतीला लागलेलं स्टूल पुढे ओढलं. "करा."

बायकांची एकच धांदल उडाली. कोणी हळद काढली, कोणी आंबे, कोणी सूत. पण पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे परत आलेल्या कुंड्या होत्या आणि एका कोपऱ्यात जाळ्यासकट सरकवलेला हमीद होता. बायका एकीमागे एक, साड्या सावरत, स्टुलाभोवती फिरू लागल्या, आणि पहिल्याच फेऱ्यात कोणाचा तरी धक्का लागून स्टूल डगमगलं.

"काका, वायच धरता?" मनस्वी म्हणाली.

महिपत स्टुलाला चिकटून खाली मांडी घालून बसला आणि त्याने दोन्ही हातांनी कुंडी घट्ट धरली. बायका फिरत राहिल्या. सूत एवढ्याशा खोडाला गुंडाळायचं म्हटलं तर आधी महिपतला ओलांडायला हवं होतं, आणि तेवढी जागा कोणालाच नव्हती. त्यामुळे सूत वडाभोवती गेलं ते महिपतच्या खांद्यावरून, पाठीवरून, कानाच्या मागून गेलं. प्रत्येकीचं गेलं. कुंडी सोडली तर वड पडेल, म्हणून त्याला हातही हलवता येईना. सगळे फेरे संपले तेव्हा वड आणि महिपत एकाच सुतात घट्ट बांधले गेले होते.

"बघा," हमीद कोपऱ्यातून म्हणाला. "चोरांनी मालकालाच बांधून घातलानी."

आता बायकांच्या ध्यानात आलं आणि त्या घाबरल्या. पूजेचं सूत तोडायचं नसतं. नवऱ्याच्या आयुष्याला कात्री लावायला कोण पुढे होणार? आणि न तोडता महिपतला बाहेर काढायचं कसं? गंगुबाई म्हणाली, वरून काढू. शरीफा म्हणाली, खालून सरकवू. गोदाआक्का म्हणाली, "आधी कान सोडवा त्याचा डावा." मनस्वी सुताचं टोक शोधत त्याच्याभोवती उलटी फिरू लागली, तेवढ्यात महिपतने मान हलवली.

"राहू दे गो," तो म्हणाला. "बसतंय वायच."

बायका थांबल्या. मग एक कट्ट्यावर टेकली, दुसरी पायरीवर, गंगुबाई जमिनीवरच बसली. कोणीतरी आंबा कापायला घेतला. एकजण परत आलेली एक कुंडी मांडीवर घेऊन ती मालनने केव्हा दिली, कशी दिली ते सांगू लागली, आणि महिपत वडाच्या पानांमागून ऐकत राहिला.

"आणि मी?" बऱ्याच वेळाने जाळ्यातून आवाज आला. "मी पण बसू काय?"

"बस," महिपत म्हणाला.